चष्म्याला चरे का पडतात?

(इयत्ता चौथी)

या लेखाच्या खाली खिळ्याला एक चष्मा अडकवला आहे. तो माझ्या आबांचा जुना चष्मा आहे. आधी तो हातात घ्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघा. मग लेख वाचा.

बघितला का? काच भुरकट दिसते ना? तिच्यावर बारीक बारीक शेकडो रेघा आहेत. त्या रेघांनी आमच्या घरी मोठा घोळ केला.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. पट्टी सुटल्यावर आबांना लांबचा डोंगर आणि त्यावरचं देऊळसुद्धा दिसायला लागलं. आबा चष्मा घ्यायला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "सगळ्यात स्वस्त असंल तो दे बाबा." तोच हा चष्मा. तो वजनाला फार हलका आहे. आबा रोज सकाळी अंघोळ करून पोथी वाचायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावर पेपर वाचायचे.

मग ऊसतोड सुरू झाली. रस्त्यानं दिवसभर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. सगळीकडे फुफाटा. शिमग्याच्या सुमाराला आबा पोथी उघडेनात. मी विचारलं तर म्हणाले, "आता मला पाठच झालीय गं." रात्रीचं पाणी पाजायला जायचं पण त्यांनी बंद केलं. एका रात्री समोरून ट्रॅक्टर आला तर आबा रस्त्याच्या मधोमध तसेच उभे राहिले. काकांनी हाताला धरून ओढलं म्हणून बरं. तेव्हा आबांनी सांगितलं, "दिव्याचा नुसता फुफाटा दिसतोय. महिना झाला, धुकं धरलंय. माझा डोळा गेला." ताईच्या कॉलेजचे पैसे भरायचे होते, म्हणून ते महिनाभर कुणाला बोलले नव्हते. त्या रात्री आजी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी परत मिरजेला गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बॅटरीनं नीट तपासले. मग आबांचा चष्मा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "आजोबा, डोळा एकदम चांगला आहे. धुकं या चष्म्यावर आहे."

घरी आल्यावर सगळे हसले. पण मला प्रश्न पडला. आमच्या माळ्यावर प्रभाकर कंदील आहे. तो आबांच्याही वडिलांच्या वेळचा आहे. त्याची काच अजून लखलखीत आहे. मग पाच-सहा महिन्यांच्या चष्म्याची काच अशी कशी झाली? मी गुरुजींना विचारलं, आणि बाजाराला कराडला गेल्यावर तिथल्या चष्मेवाल्या काकांनाही विचारलं. गुरुजींनी मोठी पुस्तकं काढून मला समजेल असं सांगितलं. ते सगळं इथं लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे चष्म्याची काच काच नसतेच! आपण काच म्हणतो तेवढंच. ती प्लॅस्टिकची असते. दुकानात तिला फायबर म्हणतात. कंदिलाची काच मात्र खरी काच. आपल्या जिल्ह्यात कराडजवळ ओगलेवाडी आहे ना, तिथं ओगले यांनी 1916 साली काचेचा कारखाना काढला होता. प्रभाकर कंदील तिथलाच. वीज नव्हती तेव्हा गावोगाव तोच कंदील जळायचा. काच करायला वाळू, सोडा आणि चुना लागतो. ते सगळं भट्टीत सुमारे 1500 अंशापर्यंत तापवतात तेव्हा त्याचा रस होतो. म्हणजे काच ही वाळूचीच लेक.

काच कडक असते पण पडली की फुटते. आबा सांगतात की त्यांच्या वडिलांचा चष्मा खऱ्या काचेचा होता आणि फार जड होता, नाकावर त्याचे दोन खड्डे पडले होते. फायबरचं वजन काचेच्या साधारण निम्मंच भरतं. पडलं तरी सहसा फुटत नाही, आणि फुटलंच तरी काचेसारखे बारीक तुकडे डोळ्यात उडत नाहीत. म्हणून आता बहुतेक चष्मे फायबरचे असतात.

हे फायबर अमेरिकेत 1940 च्या सुमाराला शोधून काढलं. त्याचं नाव सीआर-39. कोलंबिया रेझिन या नावाची पहिली अक्षरं आणि 39 वा नमुना. म्हणजे त्यांनी किती नमुने करून बघितले असतील बघा! आधी ते लढाईच्या विमानांसाठी वापरलं. लढाई संपल्यावर 1947 साली कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं त्याच्या चष्म्याच्या काचा केल्या. दुसरं एक प्लॅस्टिक आहे, त्याचं नाव पॉलिकार्बोनेट. ते 1953 साली जर्मनीत आणि अमेरिकेत दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी शोधलं. ते इतकं चिवट आहे की मोटारसायकलच्या हेल्मेटची पुढची काच त्याची करतात. हातोडी मारली तरी ते फुटत नाही असं काका म्हणाले. पण ओरखडा मात्र त्याच्यावर फायबरपेक्षाही लवकर पडतो. मला हे नवल वाटलं. हातोडीला दाद देत नाही आणि धुळीला हरतं!

गुरुजी म्हणाले, चिवट असणं वेगळं आणि कठीण असणं वेगळं. सायकलची ट्यूब चिवट आहे, पण खिळ्यानं तिच्यावर रेघ पडते. काच कठीण आहे पण चिवट नाही.

कोण कुणाला ओरखडतं याचा एक नियम आहे. जास्त कठीण असतं ते कमी कठीण असलेल्याला ओरखडतं. 1812 साली मोस नावाच्या शास्त्रज्ञानं दगड एकमेकांवर घासून 1 ते 10 असे नंबर लावले. हिरा सगळ्यात कठीण, त्याला 10. आपलं नख साधारण अडीच. काच साडेपाच. आणि आपल्या माळावर सापडते ती पांढरी गारगोटी 7! दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या की उजेड पडतो तीच ती. वाळूचे आणि रस्त्यावरच्या धुळीचे पुष्कळ कण गारगोटीच्याच जातीचे असतात. म्हणजे धूळ मऊ दिसते, पण तिच्यात लहान लहान दगडच असतात. आबा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचे. सोग्यात धूळ आणि चष्म्यावरही धूळ. कापड मऊच होतं, पण त्याच्याखाली दगड घासले जात होते.

मी प्रयोग करून बघितला. माझी जुनी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी घेतली आणि माळ्यावरच्या कंदिलाची काच घेतली. अंगणातली चिमूटभर धूळ फडक्यावर घेऊन दोन्हीवर वीस-वीस वेळा घासली. पट्टी पांढुरकी झाली, तिच्यातून खालची अक्षरं दिसेनात. कंदिलावर नीट बघितल्यावर दोन-तीन बारीक रेघा सापडल्या, बाकी काही नाही. (पट्टी जुनी होती. नवी पट्टी घेऊन हा प्रयोग करू नका, मार बसेल.)

आता खरी गंमत सांगते. हे लिहायला मी आजीची परवानगी घेतली आहे. मी हा प्रयोग करत असताना आजी बघत होती. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, म्या त्यो राखंनं घासलाय की!" लग्न होऊन आल्यापासून कंदिलाची काच राखेनं लख्ख करायचं काम आजीचं. आबांचा नवा चष्मा कळकट दिसला की ती तोही आठवड्याला राखेनं घासून ठेवायची. आबांना स्वच्छ दिसावं म्हणून. आमची चूल उसाच्या पाचटावर आणि चिपाडांवर पेटते. गुरुजींनी सांगितलं की उसाच्या राखेत सिलिका पुष्कळ असते. वाळूत असते तीच सिलिका. ऊस ती जमिनीतून पाण्याबरोबर ओढून घेतो. उसाचा पाला हाताला कापतो तो पण तिच्यामुळंच. म्हणजे आजी चष्मा वाळूनंच घासत होती, पण बारीक वाळूनं. काचेला ते चाललं. प्लॅस्टिकला चाललं नाही.

चरे पडल्यावर धुकं का दिसतं? गुळगुळीत काचेतून उजेड सरळ जातो. चरा म्हणजे खाच. खाचेच्या कडेला लागलेला उजेड वाकडा होऊन भलतीकडे जातो. शेकडो खाचा म्हणजे शेकडो वाकडे किरण. दिवसा नुसतं भुरकट वाटतं. रात्री समोर एकच झगझगीत दिवा असतो, तेव्हा त्याचाच फुफाटा होऊन सगळ्या काचेवर पसरतो आणि ट्रॅक्टर कुठाय ते कळत नाही. आबांनी मला एक गोष्ट सांगितली होती, "तोंड धुताना चष्मा भिजला की जरा बरं दिसतं, वाळला की परत तेच." तेव्हा मला वाटलं आबा काहीतरीच बोलतात. पण ते बरोबर आहे! पाणी खाचा भरून काढतं, म्हणून उजेड थोडा सरळ जातो. खाली वाटीत पाणी ठेवलं आहे. बोट बुडवून चष्म्यावर फिरवा आणि बघा.

मग यावर उपाय काय? तो म्हणजे कोटिंग. चष्मेवाल्या काकांनी मला दोन काचा दाखवल्या. एक साधी आणि एक हार्ड कोटिंगची. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. कोटिंगचा थर डोळ्याला दिसतच नाही. एका मिलीमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार भाग एवढीच त्याची जाडी. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो.

मी काकांना विचारलं, "प्लॅस्टिकवर वितळलेली काचच का ओतत नाहीत?" काका म्हणाले, "चांगला प्रश्न विचारलास पोरी, पण भट्टीतला काचेचा रस ओतला तर प्लॅस्टिक जळून जाईल." पॉलिकार्बोनेट सुमारे 150 अंशाला मऊ पडायला लागतं. म्हणून शास्त्रज्ञांनी थंडपणे काच करायची युक्ती काढली. वाळूत सिलिकॉन नावाचं मूलद्रव्य असतं. ते एका पातळ औषधातून आणतात. ते औषध वार्निशसारखं असतं.

गुरुजींनी आम्हाला मैदानात फेर धरायला लावून हे समजावलं. सिलिकॉनला चार हात असतात. वाळूत आणि काचेत चारही हात ऑक्सिजनच्या मार्फत दुसऱ्या सिलिकॉनला धरतात. सगळे असे घट्ट धरून राहतात म्हणून ती कठीण होते, पण वाकत नाही. कोटिंगमधल्या सिलिकॉनचे तीन हात असेच धरलेले असतात आणि चौथ्या हातात प्लॅस्टिकच्या जातीची एक शेपटी असते. त्यामुळं थर काचेसारखा कडक होतो आणि प्लॅस्टिकसारखा थोडा लवचीकही राहतो. आमच्या फेरात चौथा हात नव्हता, म्हणून गुरुजींनी प्रत्येकाच्या कमरेला एक रुमाल बांधला. फार मजा आली.

लवचीक कशाला पाहिजे, तर प्लॅस्टिक तापलं की काचेपेक्षा कितीतरी पट फुगतं. वरचा थर अगदी काचेसारखा ताठ असला आणि जाड असला तर तो तडकतो. आपण मातीच्या भिंतीला गिलावा करतो तेव्हा एकदम जाड थापला की वाळल्यावर भेगा पडतात आणि पोपडे निघतात. माझी आई म्हणते सारवण नेहमी पातळ द्यावं. हे पण तसंच आहे. पातळ दिला तर बसतो. मात्र फार पातळ झाला तर चरा त्याच्यातून खाली जातो.

थर द्यायची रीत अशी. आधी काच धुऊन अगदी निर्मळ करतात. खोलीत धुळीचा कण चालत नाही, कारण कण खाली राहिला तर तिथं पुळी येते. मग काच औषधात बुडवतात आणि हळूहळू एकाच वेगानं वर काढतात. भराभर काढली तर थर जाड होतो, हळू काढली तर पातळ. मध्येच थांबलं की रेघ उमटते. बेंदराला आम्ही बैलांच्या शिंगांना रंग देतो तेव्हा जास्त रंग घेतला की ओघळ येतात, ते मला आठवलं. मग ती काच भट्टीत ठेवतात. पाणी ज्या उष्णतेला उकळतं साधारण तेवढीच उष्णता, पण काही तास. तेव्हा ते सगळे हात एकमेकांना घट्ट धरतात. दुसऱ्या एका रीतीत काच गरागरा फिरवून तिच्यावर औषध सोडतात आणि जांभळ्याच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या किरणांनी ते काही क्षणात वाळवतात.

आणखी एक रीत अंतराळाच्या संशोधनातून आली. अमेरिकेच्या नासा संस्थेत टेड वायडेव्हेन नावाचे शास्त्रज्ञ पाणी शुद्ध करायच्या पडद्यावर अतिशय पातळ थर बसवत होते. तोच थर प्लॅस्टिकच्या काचेलाही वाचवतो असं दिसलं, आणि 1983 साली गॉगल करणाऱ्या एका कंपनीनं नासाकडून ती रीत घेतली. काम पाण्याचं चाललेलं आणि उपयोग झाला चष्म्याला!

चंद्रावर गेलेल्या माणसांचंही आबांसारखंच झालं होतं. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 मधून सर्नन आणि श्मिट चंद्रावर उतरले. चंद्रावर वारा नाही आणि पाणीही नाही. आपल्या कृष्णेतले गोटे घासून घासून गुळगुळीत होतात, तसे तिथले कण होत नाहीत. ते काटेरीच राहतात. श्मिट हेल्मेटवरची धूळ पुसायचे, आणि हेल्मेटच्या उन्हाच्या पडद्यावर इतके चरे पडले की काही बाजूंना त्यांना नीट दिसेना. मी हे आबांना सांगितलं. आबा आजीला म्हणाले, "ऐकलंस का? चंद्रावर पण राख लावत्यात!"

कोटिंग चांगलं झालं का हे कसं बघतात तेही ऐका. एक परीक्षा पेन्सिलीची आहे. कोटिंगवर आधी मऊ बी पेन्सिल, मग एचबी, मग कडक एच, 2एच अशा ठरलेल्या वजनानं ओढतात. कुठल्या पेन्सिलीला ओरखडा पडतो ते बघतात. आपल्या दप्तरातली पेन्सिल अशी परीक्षक असते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या परीक्षेत साधी काच आणि कोटिंगची काच शेजारी शेजारी तबकात ठेवून वर खरखरीत वाळू टाकतात आणि तबक शेकडो वेळा पुढं-मागं हलवतात. आई सुपात धान्य पाखडते तसं. मग कोणती काच किती भुरकट झाली ते यंत्रानं मोजतात.

कोटिंग कायमचं नसतं. काकांच्या जुन्या गाडीचे पुढचे दिवे पिवळे पडले आहेत. काकांना वाटायचं बल्ब गेला. पण ते दिवे पॉलिकार्बोनेटचे असतात आणि वरचं कोटिंग उन्हानं आणि धुळीनं झिजतं. मग प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि रात्री उजेड कमी पडतो. चष्म्याचं कोटिंगही चुलीजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर तडकतं. आणि कोटिंगच्या काचेवर वाळू घासली तर तिलाही चरे पडतात, फक्त पुष्कळ उशिरा.

चरे पडल्यावर घासून काढता येत नाहीत का असं आजीनं विचारलं. काका म्हणाले, नाही. चष्म्याच्या काचेचा आकार ठरलेला असतो, त्यावरच नंबर असतो. घासलं तर आकार बिघडतो. काही लोक टूथपेस्ट लावतात, पण तीसुद्धा घासायचीच वस्तू आहे.

आबांनी आता कोटिंगचा चष्मा घेतला आहे. पैसे जास्त पडले, पण ताई म्हणाली की मिरजेच्या फेऱ्यांपेक्षा कमीच पडले. आजी तो रोज स्वतः धुते. आधी वरून नुसतं पाणी ओतते म्हणजे दगड वाहून जातात, मग साबणाचा एक थेंब बोटानं फिरवते, परत पाणी, आणि मग धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं टिपते. ठेवताना काचा वर करून ठेवते. आबांनी सोगा लावला की ती लांबूनच ओरडते. आबांनी पोथी परत सुरू केली आहे, आणि ती त्यांना पाठ नव्हती हे आम्हाला कळलं आहे. तिसऱ्याच पानावर ते अडकले.

चष्मा बघून झाला की परत खिळ्याला अडकवा. वाटीतलं पाणी संपलं तर मला सांगा, मी चौथीच्या वर्गात आहे.